आभाळातला नाका

आमच्या पोलादपूर तालुक्यात विमानतळ नाही, पण विमानं भरपूर आहेत. फक्त ती दहा किलोमीटर उंचीवर आहेत. मुंबईहून गोव्याला, कोचीला निघालेली, आखातातून येऊन आणखी कुठे कुठे चाललेली अशी बरीच मंडळी रात्रंदिवस आमच्या कौलांवरून जातात. त्यांतलं कोणी इथे उतरत नाही, याचं आम्हांला वाईट वाटत नाही. खाली रस्त्यावरही तीच तऱ्हा आहे. मुंबई-गोवा महामार्गानं जाणारा माणूस पोलादपूरला गाडी थांबवतो ती एकतर वडापावसाठी, नाहीतर काच खाली करून "महाबळेश्वरचा फाटा हाच ना?" एवढं विचारायला. हाच, म्हटलं की गेला. कशेडीचा बोगदा झाल्यापासून तर खेडकडे जाणाऱ्याला घाटाची आठवणही काढावी लागत नाही. एकूण काय, सगळ्या जगाला कुठेतरी जायचं असतं आणि वाटेत आम्ही असतो. वाटेत असणं हा आमच्या मुलखाचा पिढीजात धंदा आहे.

या धंद्यातल्या माणसाला एक प्रश्न कधी ना कधी पडतोच. हे सगळे जातात, ते आपल्याला काय देतात? रस्त्यापुरतं उत्तर टोलनाक्यावर मिळतं. आभाळाचं काय? प्रश्न रिकामटेकडा वाटेल, पण जगातल्या मोठमोठ्या वकिलांनी या रिकामटेकडेपणावर आयुष्यं काढली आहेत आणि त्याची फीही घेतली आहे.

युरोपातल्या जुन्या कायदेपंडितांचं म्हणणं असं, की ज्याची जमीन त्याचंच तिच्यावरचं आभाळ, थेट स्वर्गापर्यंत. नशीब, आमच्या सातबाऱ्यावर आभाळाचा रकाना कोणी घातला नाही. घातला असता तर त्याच्याही वाटण्या झाल्या असत्या, धाकट्याच्या वाटणीला पावसाळी ढग जास्त का आले म्हणून महाडच्या कोर्टात दावे पडले असते, आणि आज नातवंडं तारखांना जात असती.

अमेरिकेत मात्र असा दावा खरोखर पडला. नॉर्थ कॅरोलिनात कॉझ्बी नावाचं एक कोंबडीपालन करणारं कुटुंब होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेजारच्या धावपट्टीवर लष्कराची बॉम्बफेकी विमानं उतरू लागली, ती यांच्या जागेवरून अवघ्या ८३ फुटांवरून. कोंबड्या बिचकून भिंतींवर आपटायच्या आणि मरायच्या. अशा शे-दीडशे गेल्या आणि धंदा बसला. खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९४६ साली न्यायालयानं सांगितलं, की स्वर्गापर्यंत मालकी वगैरे आजच्या जगात चालणार नाही, तसं मानलं तर प्रत्येक विमानप्रवासावर असंख्य दावे लागतील. पण इतक्या खालून जाऊन कोणाचं जगणं अशक्य केलंत, तर भरपाई द्यावी लागेल. म्हणजे आभाळ गेलं, कोंबड्यांची बाजू मात्र टिकली. कोंबडी पाळणाऱ्या कुठल्याही कोकणी घराला हा निकाल पटेल. आपल्या माणसाला आभाळाचा सोस कधीच नव्हता. खुराड्याचा आहे.

माणसाच्या हातून आभाळ गेलं, ते सरकारच्या हाती आलं. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोत बावन्न देशांनी एका करारावर सह्या केल्या. त्यात आपलाही देश होता, स्वतंत्र व्हायला अजून अडीच-पावणेतीन वर्षं असूनसुद्धा. या कराराचं पहिलंच कलम सांगतं, की प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण आणि एकट्याची सत्ता आहे. प्रवाशांची नियमित वाहतूक करणाऱ्या विमानांना दुसऱ्याच्या आकाशातून जायचं तर त्या देशाची खास संमती लागते. पण पाचवं कलम उदार आहे. वेळापत्रकाबाहेरची जी विमानं असतात, म्हणजे कुणाची खासगी, हौशी, कामाधंद्याची, त्यांनी आधी परवानगी न मागता दुसऱ्या देशावरून जावं, हवं तर तेल भरायला उतरावं, असा हक्क ते देतं. आणि पंधरावं कलम तर आमच्यासारख्यांच्या तोंडचा घासच काढतं. नुसतं वरून गेलात, एवढ्यासाठी कोणत्याही देशानं पैसे घेऊ नयेत, असं त्यात लिहिलं आहे.

कलमं वाचली की वाटतं, झालं, आभाळ मोकळं झालं. पण कलमाच्या मागोमाग परिपत्रक येतं, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं तहसील कचेरीची पायरी कधी चढलेली नसावी. पाचव्या कलमातला हक्क कागदावर शाबूत आहे. व्यवहारात मात्र बहुतेक देश खासगी विमानालाही आधी अर्ज करायला लावतात. आपल्याकडे परदेशी खासगी विमानाला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून 'वायए नंबर' मिळवावा लागतो. विमान कोणाचं, कुठून कुठे, आत कोण, कशासाठी, ही सगळी माहिती आधी द्यायची, तो नंबर घ्यायचा, मगच भारताच्या हद्दीत नाक घालायचं. मालक कितीही गडगंज असो, नंबराशिवाय त्याचं विमान आणि परवान्याशिवायची रिक्षा यांच्यात नियमाच्या लेखी काही फरक नाही.

आणि पैसे? तेही आहेत. वरून जाण्याचे नाहीत म्हणे, सेवेचे आहेत.

हे सेवेचं गणित मी पहिल्यांदा ऐकलं ते भाच्याकडून. तो पनवेलला असतो. तिथल्या नव्या विमानतळाचं ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्‌घाटन झाल्यापासून तो आमच्याशी साऱ्या रायगड जिल्ह्याच्या वतीनं विमानांविषयी बोलतो. सुट्टीत आला की अंगणात खाटेवर आडवा होऊन फोन आभाळाकडे धरतो आणि वरच्या लुकलुकत्या ठिपक्याची कुंडली वाचून दाखवतो. एकदा असंच एक परदेशी खासगी जेट चाललं होतं. शेजारचे तात्या ओट्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते.

"हे इथे उतरणार नाही?" तात्यांनी विचारलं.

"नाही तात्या. आपल्यावरून सरळ पलीकडे."

"मग बिल कसं करतात?"

भाच्यानं युरोपातली पद्धत सांगितली. ती त्याला पाठ होती. तिकडे युरोकंट्रोल नावाची संस्था बऱ्याच देशांच्या वतीनं एकत्र बिल काढते. हद्दीतून किती किलोमीटर गेलात त्याला शंभरानं भागायचं. विमानाचं कमाल वजन किती टन, त्याला पन्नासनं भागून त्याचं वर्गमूळ काढायचं. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्या देशाच्या दरानं गुणायचं.

"वर्गमूळ कशाला?" तात्यांचा अडकित्ता थांबला.

"म्हणजे मोठ्या विमानावर फार बोजा पडू नये म्हणून. पन्नास टनी विमानाला एक पट धरलं, तर दोनशे टनीला चौपट नाही, दुप्पटच."

"चौपट वजन आणि दुप्पट पैसे?"

"हो."

"म्हणजे तिथेही मोठ्यालाच सवलत," असं म्हणून तात्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि विषय त्यांच्यापुरता मिटला.

पण लहानांनाही थोडी सवलत आहे, हे तात्यांना सांगायचं राहिलं. दोन टनांहून हलक्या विमानाला युरोपात हा आकार लागत नाही. देशाच्या प्रमुखाला घेऊन सरकारी कामानं जाणाऱ्याला आणि शोध व बचावाच्या उड्डाणालाही नाही. आपल्या टोलनाक्यावर दुचाकी कडेच्या पट्टीतून जशी बिनदिक्कत निघून जाते, तशी ही आभाळातली दुचाकी. मुंबईची आरोही पंडित ही तरुण वैमानिक मे २०१९ मध्ये 'माही' नावाच्या एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानातून स्कॉटलंडहून आइसलंड, ग्रीनलंड करत कॅनडात पोचली. अशा हलक्या विमानातून एकटीनं अटलांटिक ओलांडणारी ती जगातली पहिली महिला. तिचं विमान दोन टनांच्या आसपासही नव्हतं. पण दुचाकीला टोल माफ असतो, लायसन आणि कागद माफ नसतात. वाटेतल्या देशांच्या परवानग्या, हवामानाचे अंदाज, उतरण्याच्या वेळा, हे सगळं तिलाही सांभाळावं लागलंच. जगप्रदक्षिणेला निघालेल्या लहान वैमानिकांच्या हकिकती वाचल्या की वादळाइतकीच पानं अर्जांवर खर्च झालेली दिसतात. वादळ निदान आपोआप निवळतं.

एक गणपतीचा अपवाद मात्र शिकागोच्या मंडळींना सुचला नाही. भाद्रपदात कोकणात येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांना सरकार टोलमाफीचे पास देतं. काचेवर तो कागद लावला की नाक्यावरून माणूस कसा राजासारखा जातो. आभाळात अशी सोय नाही. तिथे बाप्पाच्या नावानं कोणी हात वर करत नाही.

ही सगळी व्यवस्था विमानाच्या जन्मानंतर निघाली असं साहेबाला वाटत असेल. आमच्याकडे ती दोन हजार वर्षं चालू आहे. सावित्री नदीतून गलबतं दासगाव, महाडपर्यंत यायची. तिथे माल उतरायचा, बैलांच्या पाठीवर चढायचा आणि घाटानं देशावर जायचा. मीठ, सुकी मासळी वर. गूळ, धान्य खाली. महाडजवळच्या पाले गावच्या डोंगरातली लेणी बघा. ज्या वाटेवर व्यापारी नाही, त्या वाटेवर एवढा दगड कोण कोरायला बसतो? आणि जिथे वाट तिथे नाका. जुन्नरच्या नाणेघाटात जकातीची नाणी टाकायचा म्हणून जो दगडी रांजण दाखवतात, त्याच्यापुढे उभं राहिलं की आजच्या टोलनाक्याविषयीचा राग जरा ऐतिहासिक होतो.

पोलादपूरच्या डोक्यावर तर जावळीचं खोरं. पारघाटानं वर चढायचं म्हणजे चंद्रराव मोऱ्यांच्या अंगणातून जायचं. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि तिथे प्रतापगड उभा राहिला, तो केवळ देखाव्यासाठी नव्हे. वाटा ज्याच्या हातात, मुलूख त्याच्या हातात. १६५९ च्या नोव्हेंबरात अफझलखान घाट उतरून या दरीत आला, तेव्हा त्यानं येण्याची वाट नीट विचारली होती. परतीची विचारायला विसरला.

समुद्रावरही हेच चालायचं. पोर्तुगीज आले आणि सोळाव्या शतकात त्यांनी अरबी समुद्र आपलाच समजून इथल्या जहाजांना कार्ताझ नावाचा परवाना विकायला सुरुवात केली. परवाना नसला की जहाज जप्त. पुढे कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल झाले. त्यांनी म्हटलं, किनारा आमचा, गस्त आमची, मग दस्तकही आमचंच घ्या. आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून, कुलाबा किल्ल्याच्या समोरून जायचं तर आंग्र्यांचं दस्तक हवं. इंग्रजांना हे फार झोंबलं. ते स्वतः बंगालात दस्तकं दाखवून जकात चुकवत होते, पण दुसऱ्याचं दस्तक घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी आंग्र्यांना चाचे ठरवलं. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. तरी चाचेपणाचा शिक्का इंग्रजी पुस्तकांत राहिला तो राहिलाच.

आज त्याच समुद्रावरून, दहा किलोमीटर उंचीवरून विमानं जातात. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या पुढे ते आभाळ कुठल्याच देशाचं नाही. पण मुंबईच्या नियंत्रणाखालचं क्षेत्र अरबी समुद्रावर लांबवर पसरलेलं आहे. त्यातून जाणाऱ्याला वाट दाखवायची जबाबदारी आपली, म्हणून त्याचा आकार भारतीय विमानतळ प्राधिकरण घेतं. अंतर आणि वजन पाहून रीतसर बिल जातं, आणि ब्रिटिश विमानही ते निमूट भरतं. कान्होजींनी याहून वेगळं काय मागितलं होतं? फरक एवढाच, की त्यांच्यापाशी आंतरराष्ट्रीय संघटनेचं लेटरहेड नव्हतं.

मग सेवेचा आकार कुठे संपतो आणि खंडणी कुठे सुरू होते? रशियाचं उदाहरण बोलकं आहे. युरोपातून जपानला जायची जवळची वाट सायबेरियावरून. त्या वाटेसाठी युरोपीय कंपन्या २०२२ पर्यंत नेहमीच्या आकाराखेरीज आणखी मोठी रक्कम मोजत होत्या, आणि ती जात होती रशियाच्या एरोफ्लोत या विमान कंपनीकडे. म्हणजे तुम्ही माझ्या दारावरून जाता, तर माझ्या भावाच्या दुकानाला वर्गणी द्या. युरोपानं वर्षानुवर्षं कुरकुर केली आणि वर्षानुवर्षं पैसे भरले. कारण न भरावेत तर वळसा, आणि वळशाला तेल लागतं.

वळशाची किंमत आपल्यालाही चांगली ठाऊक झाली आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्ताननं आपलं आकाश बंद केलं ते जुलैपर्यंत. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा केलं, आपणही केलं. दिल्लीहून पश्चिमेला जाणारी विमानं खाली अरबी समुद्रावरून हेलपाटा घालू लागली. इकडे वेळ गेला, तेल गेलं. तिकडे घरबसल्या येणारा आकार गेला. बांध अडवून भांडणाऱ्या भाऊबंदांचं जे होतं तेच. दोघांचीही गाडी लांबून जाते, पण बांध आधी कोणी मोकळा करायचा यावर अडून बसायचं.

तरीही 'वरून कोण जातंय' हे खालच्यानं विचारणं नेहमीच भोचकपणाचं नसतं. १९८७ च्या मे महिन्यात पश्चिम जर्मनीतला अठरा वर्षांचा मथियास रुस्ट भाड्याचं छोटं सेसना विमान घेऊन हेलसिंकीहून निघाला आणि कोणालाही न विचारता थेट मॉस्कोत, रेड स्क्वेअरच्या शेजारी उतरला. पोरानं वर्षभराहून जास्त तुरुंगवास भोगला, पण संरक्षणमंत्र्याची खुर्ची गेली. ती गोष्ट हसण्यावारी नेता येते. आपल्याकडची नेता येत नाही. डिसेंबर १९९५ मध्ये पश्चिम बंगालातल्या पुरुलिया जिल्ह्यातल्या गावांवर रात्री एका विमानानं हवाई छत्र्या बांधून शस्त्रं टाकली. सकाळी गावकऱ्यांना शेतात रायफली सापडल्या. काही दिवसांनी तेच विमान पुन्हा आपल्या हद्दीत आलं, तेव्हा त्याला मुंबईत उतरायला भाग पाडलं. वायए नंबराचा अर्ज भरताना कंटाळणाऱ्या धनिकांनी पुरुलियाची आठवण ठेवावी.

काही ठिकाणी मात्र ना नंबर चालतो ना पैसा. आमच्या महाड तालुक्यातच असं एक ठिकाण आहे. डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद रायगडावर येणार होते. हेलिकॉप्टर गडावर उतरवायचं ठरत होतं. शिवप्रेमींनी हरकत घेतली. हेलिकॉप्टरच्या वाऱ्यानं धूळ-पाचोळा उडतो आणि तो महाराजांच्या पुतळ्यावर जातो, ते चालणार नाही. आता राष्ट्रपती म्हणजे तिन्ही सैन्यदलांचे सरसेनापती, हवाई दलासकट. देशातलं कुठलं आभाळ त्यांना बंद असणार? पण ते रोपवेनं गेले. शिकागो करारात मनाईच्या आणि निर्बंधाच्या क्षेत्रांची तरतूद आहे, नकाशावर ती आखतात. रायगडाची ही मर्यादा त्या वेळी लोकांनी मनात आखली आणि देशाच्या प्रमुखानं ती पाळली. आकार न भरता मान भरला, आणि तो भरल्यानं कोणी लहान झालं नाही.

याच गडावरून दिवस मावळल्यावर दरवाजे बंद झाल्यानं हिरकणी कडा उतरून गेली, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. नियमानं बघायला गेलं तर ते विनापरवाना हद्द ओलांडणंच झालं. घरी तान्हं बाळ आहे, हा अर्जातला मुद्दा कोणत्या रकान्यात बसतो? कथेतल्या राजानं तिला दंड केला नाही, गौरव केला आणि तिच्या नावानं बुरूज बांधला. नियम लिहिणाऱ्यानं एखादा रकाना हिरकणीसाठी मोकळा ठेवावा, असं या गोष्टीत आहे असं मला वाटतं.

आणि कागदावरचा हक्क म्हणजे काय, हे तर महाडला कोणी शिकवायला नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानं १९२३ साली केला. महाडच्या नगरपालिकेनं पुढच्याच वर्षी चवदार तळं खुलं असल्याचं ठरवलं. कागद तयार होता. पाणी मात्र बंदच होतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले, तेव्हा त्या कागदाला पहिल्यांदा अर्थ आला. त्यापुढेही कोर्टकज्जे चालले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. या तळ्याशेजारून जाताना शिकागोचं पाचवं कलम आठवलं, की हसू येतं ते कलमाचं. विमानवाल्यांचा हक्क नंबराच्या चार अक्षरांत अडला तरी त्यांचं फारसं बिघडत नाही. पाण्याच्या बाबतीत परवानगीचा प्रश्नच मुळात निघायला नको होता. कशाला नाका असावा आणि कशाला असूच नये, हे ओळखायला फार मोठी विद्या लागत नाही. तहान लागलेली पुरते.

मग आभाळातला नाका असावा की नसावा? मी बराच विचार केला. आमच्या मुलखात विचार करायला वेळ असतो, कारण जाणारे सगळे निघून गेलेले असतात. मला वाटतं, मुद्दा मालकीचा नाहीच. विमान वरून जात असतं तेव्हा खाली कुठेतरी, एखाद्या थंडगार खोलीत, एक माणूस पडद्याकडे डोळे लावून बसलेला असतो. हे त्याच्या पुढे किती, ते त्याच्या खाली किती, ढग कुठे, वाट कोणाला द्यायची. मुंबईचा माणूस विमान चेन्नईच्या माणसाच्या हवाली करतो, तो पुढच्याच्या. आत प्रवासी पांघरूण घेऊन झोपलेले असतात, कारण खालचा जागा असतो. आकार आहे तो या जागण्याचा. जुन्या घाटातली चोख जकातही त्याचीच होती. तांडा रात्री वाटेत उतरला तर त्याची राखण करणारे रखवालदार जागे असायचे. आंग्र्यांचं दस्तक घेतलेल्या जहाजाला आंग्र्यांच्या गलबतांकडून भय नसायचं. जागणाऱ्याला द्यावं ते मोल. नुसतं दारात आडवं झोपून मागावी ती खंडणी.

जुलै २०२१ च्या महापुराच्या रात्री आम्हीही जागे होतो. सावित्री, गांधारी या नद्या महाड शहरात शिरल्या होत्या, शहर पाण्याखाली होतं, तळीये गावावर डोंगर कोसळला होता, रस्ते तुटले होते. २३ तारखेला नौदलाचं सी किंग हेलिकॉप्टर मुंबईच्या आयएनएस शिक्राहून पोलादपूरकडे निघालं. त्या दिवसांत आमच्याकडे वरून येणाऱ्या आवाजाला कोणी 'काय देतात' असं विचारलं नाही. बचावाच्या उड्डाणाला आकार नसतो, ही युरोपातली तरतूद अगदी योग्य आहे. ती कलमात लिहावी लागते, एवढंच नवल.

आता जागण्याचं मोल हे तत्त्व मी स्वीकारलं आहे खरं, पण त्यानं नवीच पंचाईत उभी राहिली. अश्विनात भात पिवळं पडू लागलं, की आमच्या तालुक्यात रानडुकरांच्या धास्तीनं शेतकरी शेतातल्या माळ्यावर रात्र काढतो. हातात बॅटरी, शेजारी वाजवायला पत्र्याचा डबा. डुकरं येतात पहाटे, त्यामुळे तोवर बघायला वर फक्त विमानं. अमुक वाजता एक दक्षिणेला, तमुक वाजता दुसरं, हे या माणसांना फोनविना ठाऊक असतं. एखादं चुकलं तर सकाळी ओट्यावर त्याची चर्चा होते. कोणीही नेमलेलं नसताना, कुठलंही पद नसताना, आमचा तालुका पिढ्यान्‌पिढ्या वरच्या आणि खालच्या वाहतुकीवर नजर ठेवून जागा आहे. शिकागो कराराच्या ९६ कलमांत याची कुठेच नोंद नाही. ती झाली, तर पोलादपूरची बरीच थकबाकी निघेल. ती कधीही दिली तरी चालेल. फक्त तिचं वर्गमूळ काढू नये.